गणित कच्चं आणि विषय मानसशास्त्र: नेमकं काय लागतं, कुठे चुकतं

साध्या कॅल्क्युलेटरवर ओळीने हे दाबून बघा: १ − २४ ÷ १२० =. उत्तर येईल उणे ०.१९. खरं उत्तर आहे ०.८. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला साधा कॅल्क्युलेटर बटणं ज्या क्रमाने दाबाल त्या क्रमानेच हिशेब करत जातो: आधी १ मधून २४ वजा, मग उरलेल्या उणे २३ ला १२० ने भाग. मोबाइलमधलं अ‍ॅप मात्र भागाकार आधी करतं. म्हणजे घरी मोबाइलवर सराव करताना बरोबर येणारं उत्तर परीक्षेच्या हॉलमध्ये चुकतं, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘माझं गणितच कच्चं.’

हे उदाहरण स्पिअरमनच्या श्रेणी सहसंबंधातल्या, म्हणजे दोन क्रमवाऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते काढण्यातल्या, शेवटच्या पायरीचं आहे. मानसशास्त्राच्या पदवीला जे ‘गणित’ असतं ते बहुतांशी याच जातीचं. बारावीपर्यंत आर्ट्स घेऊन, दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहता मानसशास्त्राला येणाऱ्यांची खरी अडचण आकडेमोडीत फार कमी असते. कुठल्या आकड्याचं काय करायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय, तिथे गाडी अडते. तो भाग भाषेचा आणि तर्काचा आहे. आर्ट्सवाल्यांना तो जमू नये असं काहीही नाही.

तरीही ‘मानसशास्त्रात गणित नसतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पदवीला संख्याशास्त्र असतं, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असतं, एम.ए.ला संशोधन पद्धतीसोबत असतं. नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं दुसरं युनिटच संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र आहे, आणि लगेच तिसरं मानसशास्त्रीय चाचण्यांचं. समुपदेशक व्हायचंय म्हणून स्टॅट्स टाळून चालत नाही. ते पुढे कळेलच.

दहावीतलं काय उकरून काढायचं

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. ऋण संख्या. दशांश. वर्ग आणि वर्गमूळ. टक्केवारी. सूत्रात किमती घालणं. आलेख आणि तक्ता वाचणं. पदवीच्या तीन वर्षांना एवढं पुरतं. त्रिकोणमिती, भूमितीतली प्रमेयं, वर्गसमीकरणं यांतलं काही लागत नाही. कॅल्क्युलस तर नाहीच.

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकातलं सांख्यिकीचं प्रकरण काढा आणि पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी रोज अर्धा तास याप्रमाणे तीन आठवडे फक्त तेवढंच करा. पहिला आठवडा ऋण संख्या आणि कंस, दुसरा वारंवारता सारण्या, तिसरा सूत्रात किमती घालणं. मधला आठवडा कंटाळवाणा असतो, पण तोच सोडू नका.

एक अडचण इथेच भेटते. शाळेच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक असे शब्द आहेत. कॉलेजच्या मराठी पुस्तकांत मध्यमान, मध्यांक असे वेगळे शब्द सापडतात आणि वर्गात सर सरळ मीन, मीडियन, मोड म्हणतात. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. तिथे माध्य, माध्यिका, मानक विचलन. एकाच गोष्टीला चार नावं. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला हे ‘गणित कठीण’ वाटतं, प्रत्यक्षात तो शब्दांचा गुंता असतो. एक वही करा आणि चार रकाने आखा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, चिन्ह, आणि ‘हे काय सांगतं’ ते एका ओळीत. चौथा रकाना स्वतःच्या शब्दांत लिहायचा, पुस्तकातली व्याख्या उतरवायची नाही. प्रमाण विचलनासमोर ‘आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत’ एवढं पुरे.

वर्गीकृत सारण्यांत आणखी एक खाच आहे. शाळेत वर्ग असायचे २०–३०, ३०–४०, एकाला एक लागून. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ते बहुधा २०–२४, २५–२९ असे असतात. इथे २०–२४ या वर्गाची खरी खालची मर्यादा १९.५ आणि वर्गाची रुंदी ५. पुष्कळ जण २४ मधून २० वजा करून ४ लिहितात आणि मध्यांकाचं अख्खं उदाहरण घालवतात. त्याच सूत्रातली दुसरी नेहमीची चूक म्हणजे संचित वारंवारता. ती मध्यांक ज्या वर्गात आहे त्याच्या *खालच्या* वर्गापर्यंतची घ्यायची असते, त्या वर्गाची नव्हे.

प्रमाण विचलन: एकदा हाताने करा, मग आयुष्यभर मशीनला द्या

पाच गुण घेऊ: ४, ६, ८, १०, १२. बेरीज ४०, मध्यमान ८. प्रत्येकातून ८ वजा केले की −४, −२, ०, २, ४. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, चूक इथेच आहे. वर्ग केले की १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०. पाचाने भागलं की ८, त्याचं वर्गमूळ २.८३. झालं.

आता हेच पाच आकडे एक्सेलमध्ये किंवा जास्प या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. उत्तर ३.१६ दिसू शकतं. दोन्ही बरोबर आहेत. वहीत आपण पाचाने भागलं, सॉफ्टवेअर चाराने भागतं, म्हणजे एकूण संख्येतून एक वजा करून. हातातले पाच जण हेच सगळं जग असेल तर पाचाने भागा. ते मोठ्या समूहातून उचललेला नमुना असतील तर चाराने, कारण नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजलेला पसारा मूळ समूहापेक्षा किंचित कमी भरतो आणि छोट्या संख्येने भागून ती तूट काढली जाते. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट पी आणि एसटीडीईव्ही डॉट एस अशी दोन वेगळी सूत्रं आहेत ती यासाठीच. परीक्षेत मात्र तुमच्या नेमलेल्या पुस्तकात जे सूत्र असेल तेच वापरा आणि उत्तराच्या वर ते लिहून ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला २.८३ का आलं ते दिसतं.

थेट गुणांवरून करायचं दुसरं सूत्र असतं, त्यात ‘वर्गांची बेरीज’ आणि ‘बेरजेचा वर्ग’ असे दोन सारखे दिसणारे तुकडे येतात. वरच्या उदाहरणात वर्गांची बेरीज ३६० आहे आणि बेरजेचा वर्ग १६००. यांची वजाबाकी उलट्या क्रमाने केली की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि कॅल्क्युलेटर ‘ई’ दाखवून गप्प बसतो. तेव्हा घाबरायचं नाही, फक्त हे दोन तुकडे तपासायचे.

साध्या कॅल्क्युलेटरवर बेरीज साठवायची सोय असते आणि ती फार कमी जण वापरतात. बहुतेक मशीनवर ४ × = दाबलं की १६ येतात. मग एम प्लस. पुढचा आकडा, × =, एम प्लस. शेवटी एमआर किंवा एमआरसी दाबलं की वर्गांची बेरीज तयार. सुरू करण्याआधी मेमरी रिकामी करा, नाहीतर आधीच्या उदाहरणाचे आकडे यात मिसळतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटर परीक्षेला चालतो का, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. चालत नसेल तर सरावही साध्यावरच करा, मोबाइलवर नको.

झेड गुण, आणि तक्ता वाचताना होणारा घोटाळा

झेड म्हणजे गुण सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा. एका विद्यार्थ्याला एका चाचणीत ६२ आणि दुसरीत ७० गुण आहेत. कुठे चांगलं केलं? पहिल्या चाचणीची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन ८ असेल तर झेड झाला १२ भागिले ८, म्हणजे १.५. दुसरीची सरासरी ६४ आणि विचलन १२ असेल तर ६ भागिले १२, म्हणजे ०.५. कमी गुण मिळालेली पहिली चाचणीच वरचढ. शततमकात सांगायचं तर पहिल्यात जवळपास ९३ टक्के लोक त्याच्या खाली, दुसरीत ६९ टक्के.

घोटाळा होतो तो पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात. १.५ समोर काही तक्त्यांत ०.४३३२ लिहिलेलं असतं, काहींत ०.९३३२. पहिला तक्ता मध्यमानापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो, दुसरा अगदी डाव्या टोकापासूनचं. पहिल्या प्रकारचा तक्ता असेल आणि झेड धन असेल तर ०.५ मिळवायचे, ऋण असेल तर ०.५ मधून वजा करायचे. ओळखायची खूण सोपी आहे: झेड शून्य असताना तक्त्यात ०.०००० दिसलं तर पहिला प्रकार, ०.५००० दिसलं तर दुसरा. कागदावर घंटेसारखा वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलीने रंगवला की ही चूक होतच नाही. चित्र काढायला दहा सेकंद लागतात.

‘मला तर क्लिनिकलला जायचंय’

तिथेही सुटका नाही, उलट तिथली चूक जास्त महागात पडते. उदाहरणार्थ, बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी. बिनेच्या चाचणीचं व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेलं हे रूपांतर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. यात बुद्ध्यंक म्हणजे मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १००. सहावीच्या मुलालाही जमेल असा हिशेब.

आता एका मुलाचं मानसिक वय १० वर्षं २ महिने आणि शारीरिक वय ९ वर्षं ११ महिने आहे. घाईत कॅल्क्युलेटरवर १०.२ भागिले ९.११ दाबलं की बुद्ध्यंक येतो ११२. पण दोन महिने म्हणजे ०.२ वर्ष नव्हे आणि अकरा महिने म्हणजे ०.११ तर नव्हेच. दोन्ही वयांचे महिने करा: १२२ आणि ११९. भागाकार गुणिले १०० म्हणजे १०२.५. साडेनऊ गुणांचा फरक, तोही प्रमाणपत्रावर. मूल सीमारेषेच्या जवळ असेल तर शाळेतली सवलत किंवा सरकारी दाखला यावर अवलंबून असू शकतो. वयाचा हिशेब नेहमी महिन्यांत करायचा, ही सवय टी टेस्टपेक्षा जास्त कामाची आहे.

आधुनिक चाचण्यांत हा भागाकार नसतो. वेक्सलरच्या चाचण्यांत १०० मध्यमान आणि १५ प्रमाण विचलन धरलेलं असतं, म्हणजे १३० बुद्ध्यंक हा झेड +२ आणि ७० म्हणजे झेड −२. वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूपांतर नागपुरात डॉ. आर्थर मालिन यांनी केलं. या चाचण्यांच्या मॅन्युअलमध्ये विश्वसनीयता गुणांक (चाचणीचे गुण किती भरवशाचे), मापनाची प्रमाण त्रुटी (मिळालेल्या गुणात साधारण किती चूक असू शकते), मानकं (तुलनेसाठीचे ठरलेले गुण) असे शब्द पानोपानी असतात. ते न कळता कुणाची चाचणी घेणं म्हणजे रक्तदाब मोजायचा पण किती असावा हे माहीत नसणं. मापनाची प्रमाण त्रुटी काढणं सोपं आहे: १ मधून विश्वसनीयता वजा करा, वर्गमूळ काढा, प्रमाण विचलनाने गुणा. विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल तर ०.०९ चं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, म्हणजे ४.५. म्हणून ‘बुद्ध्यंक ९८’ असं ठासून सांगण्याऐवजी ‘साधारण ८९ ते १०७ च्या पट्ट्यात’ असं सांगायचं असतं; तो पट्टा दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले ४.५ एवढा.

कुठली चाचणी लावायची

इथे सर्वात जास्त गुण जातात, आणि इथे गणित अजिबात नाही. चार प्रश्न विचारायचे. हातात काय आहे: गुण, क्रमांक की नुसती डोकी मोजलेली? फरक शोधतोय की संबंध? गट किती? दोन्ही वेळी माणसं तीच आहेत की वेगळी?

डोकी मोजली असतील तर काय-स्क्वेअर. दोन गुणांच्या मालिकांमधला संबंध हवा तर पिअरसनचा आर, क्रमांकांमधला हवा तर स्पिअरमनचा रो. दोन गटांच्या सरासरीतला फरक हवा तर टी टेस्ट, तीन किंवा जास्त गट असतील तर एफ, म्हणजे अनोव्हा. मोजमापाचे नामिक, क्रमिक, अंतराल आणि गुणोत्तर असे चार स्तर एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडले. पहिल्या वर्षी ते रटाळ वाटतात, पण चाचणी निवडायची किल्ली त्यांतच आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. सहा जणांना अर्थपूर्ण शब्द आणि निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायला दिल्या. अर्थपूर्ण शब्दांचे गुण ९, ६, ११, ७, १२, ९ आणि निरर्थक जोड्यांचे त्याच क्रमाने ६, ५, ७, ५, ७, ६. सरासरी ९ आणि ६. माणसं तीच, म्हणून प्रत्येकाच्या दोन गुणांतला फरक घ्यायचा: ३, १, ४, २, ५, ३. फरकांची सरासरी ३. त्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १०, पाचाने भागून २, वर्गमूळ १.४१४. त्याला सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे २.४४९ ने भागलं की प्रमाण त्रुटी ०.५७७. टी म्हणजे ३ भागिले ०.५७७, उत्तर ५.२०. स्वाधीनता मात्रा, म्हणजे तक्त्यातली कुठली ओळ पाहायची ते सांगणारा आकडा, इथे माणसांपेक्षा एक कमी: ५.

हेच कुणी दोन वेगवेगळे गट समजून सोडवलं तर प्रमाण त्रुटी येते बरोबर १, टी येतो ३.००, स्वाधीनता मात्रा १०. आता ०.०१ या पातळीवर तक्ता पाहा, म्हणजे फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा टी यायची शक्यता शंभरात एक. पाच स्वाधीनता मात्रांना टी ४.०३२ लागतो, ५.२० त्याच्या वर, फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. दहाला ३.१६९ लागतो, ३.०० त्याच्या खाली, फरक सार्थक नाही. आकडे तेच, आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक, आणि निष्कर्ष उलटे. कारण दुसऱ्या पद्धतीत माणसामाणसांतल्या स्मरणशक्तीचा फरकही त्रुटीत जाऊन बसतो. पहिल्या पद्धतीत प्रत्येकाची तुलना स्वतःशीच असल्याने तो आपोआप गळतो. हे समजायला गणित नको, प्रयोग कसा झाला ते नीट वाचायला हवं.

काय-स्क्वेअरचा नमुना. ३० मुलं, ३० मुली, पहाटे अभ्यास की रात्री. मुलांत २० रात्रीवाले, १० पहाटवाले. मुलींत १० आणि २०. संबंध नसता तर प्रत्येक चौकोनात १५ अपेक्षित. फरक ५, वर्ग २५, भागिले १५, असे चार चौकोन: एकूण ६.६७. एका स्वाधीनता मात्रेला ०.०५ पातळीवर ३.८४ लागतो, म्हणजे सार्थक. दोन बाय दोनच्या तक्त्याला काही पुस्तकं येट्सची दुरुस्ती लावतात. तेव्हा ५ ऐवजी ४.५ चा वर्ग घेऊन ५.४ येतो. हेही सार्थकच. चूक होते ती टक्के घातल्यावर. एकूण ६० जणांच्या संख्यांऐवजी टक्केवारी घालून हेच केलं तर उत्तर ११.११ निघतं, कारण ६० माणसं कागदावर १०० होऊन बसतात. काय-स्क्वेअरमध्ये नेहमी कच्च्या संख्या. आणि एक माणूस एकाच चौकोनात. ‘दोन्ही वेळी अभ्यास करतो’ म्हणणाऱ्याला दोनदा मोजलं की सगळं गेलं.

स्पिअरमनकडे परत

पाच जणांचे दोन विषयांतले क्रमांक: १, २, ३, ४, ५ आणि २, १, ४, ३, ५. फरक −१, १, −१, १, ०. यांचीही बेरीज शून्य यायला हवी. वर्गांची बेरीज ४, सहापट २४. खालचा भाग ५ गुणिले (५ चा वर्ग वजा १), म्हणजे ५ गुणिले २४, म्हणजे १२०. आता कॅल्क्युलेटरवर आधी २४ ÷ १२० करा, ०.२ कागदावर लिहा, मग १ मधून वजा करा. ०.८. ‘१ वजा’ विसरून ०.२ हेच उत्तर लिहिणारे प्रत्येक वर्गात असतात.

दोघांना सारखे गुण असतील तर क्रमांक वाटून द्यायचा. तिसरा आणि चौथा क्रमांक विभागून जात असेल तर दोघांनाही ३.५, आणि पुढच्याला ५, ४ नव्हे. तपासायला क्रमांकांची बेरीज करा: पाच जणांना १५, दहांना ५५ यायलाच हवी.

०.८ पाहून जर्नलमध्ये ‘उच्च आणि सार्थक सहसंबंध’ लिहायचा मोह होतो. पण पाचच माणसं असतील तर ०.०५ पातळीवर, दोन्ही बाजूंच्या चाचणीला, पूर्ण १.०० लागतो. ०.८ सार्थक नाही. मोठा आणि सार्थक हे दोन वेगळे शब्द आहेत. रोजच्या मराठीत ‘सार्थक’ म्हणजे चीज झालं; इथे त्याचा अर्थ फक्त ‘निव्वळ योगायोगाने असं व्हायची शक्यता कमी’. महत्त्वाचं, उपयोगी, मोठं यांतलं काहीही त्यात येत नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात, पी म्हणजे काय? ‘शून्य परिकल्पना (फरक नाहीच हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता’ हे उत्तर चूक आहे, जरी ते बऱ्याच गाइडांत छापलेलं असलं तरी. बरोबर उत्तर असं: फरक नाहीच असं धरून चाललो, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नमुन्यात दिसण्याची शक्यता. हे वाक्य पाठ न करता स्वतःच्या उदाहरणावर बसवून म्हणता आलं की परीक्षक पुढे फारसं विचारत नाहीत.

प्रॅक्टिकल

म्युलर-लायरच्या भ्रमात (टोकांच्या बाणांमुळे सारख्या लांबीच्या रेषा लहान-मोठ्या दिसतात तो प्रयोग) चिन्हं जपा. प्रमाण रेषेपेक्षा कमी ठेवलं तर ऋण, जास्त ठेवलं तर धन. स्थिर त्रुटी काढताना चिन्हांसह सरासरी, सरासरी त्रुटी काढताना चिन्हं सोडून. जर्नलमध्ये दोन्ही सारखेच आकडे दिसले तर एक तर सगळ्या प्रयत्नांत चूक एकाच बाजूला होती, नाहीतर चिन्हं मध्येच गळाली. डावीकडून-उजवीकडून आणि लहान-मोठं असे प्रयत्न समसमान का घ्यायचे, हेही लिहा. हाताची सवय आणि थकवा दोन्ही बाजूंना वाटला जावा म्हणून.

प्रतिक्रिया काळात सेकंद आणि मिलिसेकंद एकाच रकान्यात मिसळू नका. ०.२४ सेकंद म्हणजे २४० मिलिसेकंद. शिवाय एखाद्या वेळी लक्ष उडालं की ९०० येतात आणि सरासरी वर ओढली जाते. अशा वेळी मध्यांकही द्या आणि का दिला ते एका ओळीत सांगा.

आकडेमोड करताना मधल्या पायऱ्यांत तीन-चार दशांश स्थळं ठेवा, शेवटी दोनवर आणा. आणि उत्तर स्वतः काय सांगतंय ते पाहा. सहसंबंध १ पेक्षा जास्त येऊच शकत नाही. प्रमाण विचलन ऋण नसतं, आणि एकूण संख्येने भागलं असेल तर ते सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान गुणातल्या अंतराच्या निम्म्याहून मोठं होत नाही. सरासरी सर्वात मोठ्या गुणापेक्षा मोठी आली तर दशांश चिन्ह शोधा.

सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट

एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा तेच असतं. घरी जास्प किंवा जामोवी फुकट उतरवून घ्या. दोन्हीत बटणं दाबून काम होतं, कोड लिहावा लागत नाही. पण सॉफ्टवेअर चुकीची चाचणीही तितक्याच निमूटपणे करून देतं. मुलगा १ आणि मुलगी २ असं भरल्यावर ते ‘लिंगाची सरासरी १.५’ असंही छापेल. एसपीएसएसमध्ये सार्थकतेच्या रकान्यात .००० दिसलं तर अहवालात पी बरोबर शून्य लिहू नका, ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा. शक्यता कधी पूर्ण शून्य नसते, फक्त तीन दशांशांत मावत नाही.

संख्याशास्त्र पहिल्यापासून वाचायचं असेल तर इग्नूच्या मानसशास्त्राच्या एम.ए.चा एमपीसी ००६ हा घटक इग्नूच्याच ईज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे. भाषा कोरडी आहे, पण सोडवलेली उदाहरणं पायरीपायरीने आहेत.

प्रोजेक्टला ३० मुलं आणि ३० मुली हा आपल्याकडचा ठरलेला आकडा. तो कुठून आला याची कुणी फारशी विचारपूस करत नाही. दोन सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत मोजला तर जेकब कोहेन यांच्या मोजपट्टीप्रमाणे ०.२ हा लहान फरक, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. मध्यम फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर ०.०५ पातळीवर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. मोठ्याला २६ पुरतात. तीस-तीस जणांत मध्यम फरक खरोखर असला तरी तो हाती लागायची शक्यता जेमतेम निम्मी. म्हणून ‘फरक सार्थक नाही, सबब स्त्री-पुरुषांत फरक नसतो’ असा निष्कर्ष लिहू नका. ‘या नमुन्यात फरक आढळला नाही, नमुना लहान होता’ एवढंच लिहा. मार्गदर्शक तयार असतील तर दोन गटांची तुलना सोडून सगळ्या ६० जणांत दोन गोष्टींमधला सहसंबंध बघा. तेवढ्याच माणसांत काम जास्त होतं.

एम.ए.नंतर मात्र वाटा फुटतात. घटक विश्लेषण आणि प्रतिगमन सॉफ्टवेअर करतं, तुम्हाला तक्ता वाचता यावा लागतो. पण चाचण्या *बनवायच्या* असतील, मेंदूच्या प्रतिमांवर किंवा संगणकीय प्रारूपांवर काम करायचं असेल, किंवा परदेशी संशोधन पदवीला जायचं असेल, तर आर ही संगणकभाषा आणि थोडं बैजिक गणित शिकावंच लागतं. ते बी.ए.च्या पहिल्या वर्षी ठरवायची गरज नाही. पहिल्या वर्षी फक्त साधा कॅल्क्युलेटर घ्या, १ − २४ ÷ १२० करून बघा, आणि तो कसा चुकतो ते ओळखून ठेवा.